आखूड स्प्रिंग, जुनाच शॉकअप

गाडीला आखूड स्प्रिंगा बसवायचा विचार डोक्यात आला, की पहिला खर्च केबल टायचा करावा. वायरींचा जुडगा बांधायची ती प्लास्टिकची पट्टी. गाडी जॅकवर घ्यायची, चाक काढायचं, शॉकअब्झॉर्बरवरचं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअपवरचं, धुळीचं रबरी बूट वर सरकवायचं. आतल्या चकचकीत दांड्याला पट्टी बांधून ती शॉकअपच्या नळकांड्याला टेकेल इतकी खाली ढकलायची. मग नेहमीच्या रस्त्यावर एक चक्कर मारायची. धक्क्याने चाक वर गेलं की नळकांडं पट्टीला वर ढकलतं आणि पट्टी तिथेच राहते. घरी येऊन पाहिलं की त्या चकरेत शॉकअप जास्तीत जास्त किती दबला ते समोर दिसतं.

मी हे केलं तेव्हा गाडी कंपनीच्याच स्प्रिंगांवर होती. पट्टी जाऊन दांड्याच्या वरच्या टोकाशी असलेल्या रबरासारख्या ठोकळ्याला, बंप स्टॉपला, चिकटलेली. म्हणजे मूळ उंचीवरसुद्धा गावाबाहेरचे रेल्वेचे रूळ ओलांडताना गाडी ठोकळ्यावर बसत होती, आणि मी तिला आणखी तीन सेंटिमीटर खाली आणायला निघालो होतो.

गाडी माझ्दा एमएक्स-५, २०१५ साली आलेल्या चौथ्या पिढीतली. दोन सीटा, मागे दुमडणारं छत, चालकासकट अकराशे किलोच्या आत-बाहेर वजन. राहतो जर्मनीत, स्टुटगार्टजवळ. पुण्या-पिंपरीहून गाड्यांच्याच धंद्यात आलेली मराठी माणसं इथे बरीच, त्यामुळे शनिवारी चहाला चार जण जमले की विषय कुठे जाणार ते ठरलेलं. या पिढीची एमएक्स-५ दिसायला देखणी, पण चाक आणि वरची कमान यांच्यात कंपनीने एवढी पोकळी ठेवलीय की मूठ जाईल. वळणावर ती झुकतेही भरपूर. म्हणून आखूड स्प्रिंगा. एक मित्र म्हणाला, कंपनीच्या शॉकअपवर बसवशील तर सहा महिन्यांत शॉकअप बसतील. दुसरा म्हणाला, मी पाच वर्षं तशीच चालवतोय, काही होत नाही. दोघेही खरं बोलत होते. पण दोघेही शॉकअप टिकेल की नाही एवढंच बोलत होते. ठोकळा किती लांब आहे, हे कुणी विचारलंच नाही.

आधी कोण काय काम करतं ते बघू. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते. रस्त्याचा धक्का पोटात घेते तीही स्प्रिंगच. शॉकअब्झॉर्बर हे नावच फसवं आहे. झोपाळ्यावर बसल्यावर झोका थांबवायला आपण पाय जमिनीला घासतो, तो घासणारा पाय म्हणजे शॉकअप. आत तेल असतं, पिस्टनच्या बारीक भोकांतून ते ढकलावं लागतं, आणि त्या झटापटीत झोक्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. गाडी उभी असताना शॉकअप जवळजवळ काहीच करत नाही. आतल्या दाबाच्या गॅसमुळे किंचित वर रेटतो, तेवढंच. म्हणूनच कंपनीचा शॉकअप तसाच ठेवून फक्त स्प्रिंग बदलता येते, आणि म्हणूनच हा बदल स्वस्तात होतो.

आता शॉकअप कडक स्प्रिंगला पुरा पडेल का ते पाहू. बाजारातले आखूड स्प्रिंगांचे संच मूळ स्प्रिंगांपेक्षा साधारण २० ते ३० टक्के कडक असतात. झोका आवरायला लागणारा जोर मात्र स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतो. स्प्रिंग २५ टक्के कडक झाली तर शॉकअपला जोर फक्त १२ टक्के जास्त हवा. आकड्यांत मांडतो. समजा, धक्क्याने गाडी १०० मिलिमीटर दबली. चांगल्या शॉकअपवर, मूळ स्प्रिंगवर, एक पूर्ण हेलकावा झाल्यावर पुढच्या खेपेला ती १४ मिलिमीटर दबेल. त्याच शॉकअपवर २५ टक्के कडक स्प्रिंग घातली तर १७ मिलिमीटर. फरक आहे, पण बुडाखाली तो जाणवेल अशी पैज मी लावणार नाही.

आता हाच हिशोब निम्मा जोर उरलेल्या म्हाताऱ्या शॉकअपवर करा. मूळ स्प्रिंगवरच पुढच्या हेलकाव्याला गाडी ३८ मिलिमीटर दबते. कडक स्प्रिंगवर ४३. बघा, घोळ कुठे आहे. तो १४ आणि ३८ यांच्यात आहे. बरेच लोक सात-आठ वर्षं जुन्या, लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीला नव्या स्प्रिंगा लावतात, गाडी डुचमळते, आणि खापर स्प्रिंगांवर फुटतं. शॉकअप इतक्या सावकाश थकतो की रोज चालवणाऱ्याला ते कळत नाही. आपल्या घरातला पंखा किती आवाज करतो ते पाहुण्यालाच कळतं, तसंच.

खरी टंचाई जागेची असते.

चाकाला वर जायला किती जागा आहे याला सस्पेन्शनचा प्रवास म्हणू. हिशोबापुरती एक गाडी घेऊ: एका चाकावर उभं राहणारं वजन २२० किलो, चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला १८ न्यूटन, आणि उभ्या गाडीत चाक ते ठोकळा यांच्यातला मोकळा प्रवास ७० मिलिमीटर. खड्ड्यातून येणारी ऊर्जा स्प्रिंगने या ७० मिलिमीटरमध्ये साठवायची. साठवण अंतराच्या वर्गाने वाढते: कडकपणा गुणिले अंतराचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येतं ४४ जूल. आता गाडी ३० मिलिमीटर खाली आणा. रस्ता तोच, खड्डा तोच, पण ठोकळ्यापर्यंत उरले ४०. नवी स्प्रिंग २५ टक्के कडक, म्हणजे मिलिमीटरला साडेबावीस न्यूटन. साठवण? १८ जूल. निम्म्याहूनही कमी.

पूर्वीइतकेच ४४ जूल त्या ४० मिलिमीटरमध्ये बसवायचे असतील तर स्प्रिंग मूळ स्प्रिंगच्या तिप्पट कडक हवी. २५ टक्के नाही, तिप्पट. तशी स्प्रिंग लावली तर गाडी बैलगाडी होईल आणि शॉकअप खरोखरच हात टेकेल. त्यामुळे संच बनवणारे ती वाट धरत नाहीत. ते उरलेला भार ठोकळ्यावर सोडतात. 'गाडी कडक झाली' असं ज्याला आपण म्हणतो, त्यातला बराचसा कडकपणा स्प्रिंगचा नसतोच. गाडी पुन्हा पुन्हा ठोकळ्यावर आपटत असते, तो असतो.

ठोकळ्याची बाजूही मांडायला हवी. पूर्वी तो साध्या रबराचा असे, आता बहुधा बारीक छिद्रांच्या पॉलियुरेथेन फोमचा असतो. बोटाने दाबला तर मऊ लागतो, पण निम्मा दबल्यावर झपाट्याने कडक होत जातो. कंपनीने तो नुसता अडसर म्हणून बसवलेला नसतो, दुसरी स्प्रिंग म्हणूनच हिशोबात धरलेला असतो. हलक्या, बुटक्या स्पोर्ट्स कारमध्ये तर अधूनमधून त्याला टेकणं हे ठरवूनच केलेलं असतं. बिनसतं कुठे, तर वळणात. वळताना बाहेरचं चाक आधीच वर चढलेलं असतं. गाडी खाली आणलेली असेल तर तिथे ठोकळ्यापर्यंत एखादं बोटच अंतर उरतं. अशात रस्त्यावर एक उंचवटा आला की मागचं बाहेरचं चाक ठोकळ्यावर जातं, गाडीचं ते टोक क्षणात कितीतरी कडक होतं, टायरवरचा भार उडी मारतो आणि मागची बाजू बाहेर सुटू पाहते. कोरड्या रस्त्यावर ड्रायव्हर दचकतो. पावसात गाडी गिरकी घेते.

काही जण ठोकळा अर्धा कापतात. काही संचांच्या कागदात तो किती मिलिमीटर कापायचा ते छापलेलंही असतं. तिथे कागदावर आहे तेवढंच कापावं. अंदाजाने कापाल, तर दबण्याच्या शेवटच्या टप्प्यात अडवणारं काही उरत नाही. मग शॉकअपच्या आतला पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आपटतो, किंवा टायर कमानीच्या आतल्या पत्र्याला घासतो. कंपनीचा शॉकअप सहा महिन्यांत मरतो तो बहुतेक वेळा असा. यावरचा सरळ उपाय म्हणजे मुळातच आखूड नळकांड्याचा शॉकअप. बिलस्टाइनसारखे उत्पादक याच कारणासाठी दोन वेगळ्या जाती विकतात, मूळ उंचीच्या स्प्रिंगांसाठी बी६ आणि खाली आणलेल्या गाडीसाठी आखूड बांध्याचा बी८. पण त्याचे पैसे स्प्रिंगांच्या कितीतरी पट. म्हणून तर हा लेख कंपनीच्या शॉकअपवर आहे.

आता खुद्द स्प्रिंगकडे वळू. वेटोळ्याच्या स्प्रिंगचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो: तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या. त्यात जाडीचा वाटा चौथ्या घाताने येतो. तार फक्त १० टक्के जाड केली की स्प्रिंग ४६ टक्के कडक. वेटोळी कमी केली तरी कडकपणा वाढतो. सहातलं एक काढलं की २० टक्के. आपल्याकडच्या गॅरेजांत ग्राइंडर लावून एक वेटोळं उडवण्याची जी पद्धत होती, तिच्यामागचं गणित हेच. गणित बरोबर, काम घातक. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. आणि गॅस कटरने कापलं तर तापलेल्या भागाची पाणी दिलेली ताकद जाते आणि तिथेच एक दिवस स्प्रिंग तुटते. चांगल्या स्प्रिंगवर तार गुंडाळल्यावर बारीक छर्ऱ्यांचा मारा केलेला असतो, म्हणजे पृष्ठभागावर चिरा पडत नाहीत. मग ती पूर्ण दाबून सोडलेली असते, म्हणजे पुढे खचत नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. वरच्या उदाहरणातली गाडी ३० मिलिमीटर खाली आली, तर स्प्रिंग किती आखूड? चाक १० मिलिमीटर वर गेलं की शॉकअप साधारण ७ मिलिमीटर दबतो असं धरू, कारण तो हाताच्या, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, मधोमध कुठेतरी जोडलेला असतो, चाकापाशी नाही. म्हणजे स्प्रिंगपाशी ३० चे झाले २१. पण नवी स्प्रिंग कडक असल्याने त्याच वजनाखाली ती कमी दबते, सुमारे १७ मिलिमीटरने. तेही कापावे लागतात. मोकळी स्प्रिंग अशी ३८ मिलिमीटर आखूड निघते. शॉकअपची लांबी मात्र तीच. परिणामी गाडी जॅकवर घेतली आणि चाक पूर्ण खाली लोंबलं की स्प्रिंग बैठकीतून सैल होऊ शकते. उंचवट्यावरून उडी बसली आणि सैल स्प्रिंग वाकडी बसली, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. म्हणून अशा स्प्रिंगांना एका टोकाला दाट, एकमेकांलगतची वेटोळी असतात. विक्रेता त्यांना 'प्रोग्रेसिव्ह' म्हणतो, म्हणजे जसा भार वाढेल तशी कडक होत जाणारी. काही स्प्रिंगा तशा असतातही. पण पुष्कळ संचांत गाडी नुसती उभी असतानाच ती दाट वेटोळी एकमेकांना टेकून मिटलेली असतात. त्यांचं काम एकच, चाक लोंबताना स्प्रिंगला बैठकीत धरून ठेवायचं. स्प्रिंग बसवून झाली की वाकून बघा, लगेच कळेल.

खाली आणण्याचा फायदा किती? गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६ सेंटिमीटरवर असेल आणि तो ३ सेंटिमीटर खाली आला, तर वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार साधारण साडेसहा टक्क्यांनी कमी होतो. आहे, पण चमत्कार नाही. त्यातही गाडी ज्या काल्पनिक अक्षाभोवती झुकते तो अक्ष हातांच्या कोनावर ठरतो. गाडी खाली आली की हात आडवे होतात आणि तो अक्ष गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जाऊ शकतो. मग झुकवणारी तरफ उलट लांबते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे वरचा हात नसलेली रचना, असलेल्या गाड्यांत हे जास्त घडतं. एमएक्स-५ ला पुढे डबल विशबोन, म्हणजे वर आणि खाली असे दोन हात, आहेत, त्यामुळे ती थोडक्यात सुटते. कमी झुकल्याचं जे जाणवतं ते मुख्यतः कडक स्प्रिंगांमुळे आणि, पुन्हा, ठोकळ्यामुळे.

चाकांचे कोनही बदलतात. चाकाचा माथा आत झुकतो, त्याला सगळे घाबरतात. मी घाबरतो ते चाकं आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला वळण्याला, म्हणजे 'टो' या कोनाला. एखादं चाक सरळ दिशेपासून अंशाच्या फक्त दहाव्या भागाने फिरलेलं असेल, तर दर किलोमीटरला ते पावणेदोन मीटर आडवं घासत जातं. टायरची आतली कड किती लवकर जाईल याचा अंदाज करा. म्हणून स्प्रिंगा बसवल्या की अलाइनमेंटचा खर्च धरूनच चालावं. तोही लगेच नाही, एक-दोन आठवडे चालवून गाडी आपल्या उंचीवर स्थिरावली की मग.

मध्येच एक जुनी गोष्ट. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली नावाचा अभियंता रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला होता. तिथे त्याने गाडीवर वजनं पुढे-मागे हलवून, स्प्रिंगा बदलून माणसांना बसवून पाहिलं, की कशात बरं वाटतं. त्याला दिसलं ते असं: मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जास्त वेगाने हेलकावायला हवी. कारण साधं. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो. एमएक्स-५ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २.३१ मीटर, ताशी ८० किलोमीटरला मागची चाकं तिथे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने पोचतात. मागची बाजू उशिरा सुरुवात करते, म्हणून तिने जरा भरभर डोलून पुढचीला गाठायचं, मग गाडी नाक वर-खाली करत बसत नाही. फक्त पुढच्या स्प्रिंगा बदलणारे, किंवा एका संचातल्या पुढच्या आणि दुसऱ्यातल्या मागच्या लावणारे, हे सगळं उधळून लावतात. दिसायला गाडी छान, चालवायला सी-सॉची फळी.

बसवायचं काम मी भाड्याच्या गॅरेजात केलं. जर्मनीत तासावर लिफ्ट आणि हत्यारं देणारी अशी गॅरेजं असतात. कामाआधी चारही चाकांच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून हातावर पेनाने लिहिलं. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्यात येते. शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर काढायचा, स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबायची, वरचा नट सोडायचा, स्प्रिंग बदलायची. ऐकायला सोपं आहे. दाबलेल्या स्प्रिंगशी मात्र चेष्टा नको. मिलिमीटरला ३६ न्यूटनची स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबली की तिच्यात १८० जूल कोंडलेले असतात. पाच किलोची पिठाची पिशवी साडेतीन मीटरहून जास्त उंचावरून पडली तर लागेल तितके. कॉम्प्रेसरचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे फिरवायचे, इम्पॅक्ट गन लावायची नाही, आणि तोंड कधीही स्प्रिंगच्या रेषेत आणायचं नाही. बदलताना ठोकळे आणि वरचे रबरी माउंटही बघून घ्यावेत. माझे मागचे दोन ठोकळे हातात येताच भुगा झाले.

चूक मी शेवटी केली. गोटी पाना हातात, वेळेचे पैसे चालू, मी हातांचे सगळे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबत असतानाच टॉर्क पान्याने पूर्ण आवळले. घरी येऊन मोजलं तर गाडी ठरल्यापेक्षा जवळपास एक सेंटिमीटर उंच, आणि गेटाच्या उतारावर कुरकुर आवाज. कारण बुश. हाताच्या टोकाला जो बुश असतो त्यात रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला घट्ट चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जाम होते आणि हात फिरतो तो रबर पिळूनच. चाक लोंबताना आवळलं, तर ती लोंबलेली अवस्था रबराची विश्रांतीची अवस्था होते. मग गाडी खाली उभी राहिली की रबर सतत पिळलेलं राहतं, गाडीला वर रेटतं आणि लवकर फाटतं. बरोबर पद्धत अशी: बोल्ट नुसते बोटभर जोराने बसवायचे, खालच्या हाताखाली जॅक लावून चाकाचा मध्य आणि कमान यांच्यातलं अंतर गाडी उभी असताना असेल तितकं करायचं, आणि मग आवळायचं. पुढच्या शनिवारी पुन्हा दोन तासांचं भाडं भरून मी सगळे बोल्ट सोडले आणि असे आवळले. गाडी लगेच खाली बसली, कुरकुर गेली.

जर्मनीत इथे काम संपत नाही. माझ्या स्प्रिंगांबरोबर टाइलेगुटआख्टन नावाचा तपासणी अहवाल आला. कोणत्या गाडीला, कोणत्या टायरांबरोबर, कंपनीचे शॉकअप चालतील की नाही, ठोकळा कोणता, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तो घेऊन ट्यूफसारख्या तपासणी संस्थेकडे लगेच जायचं, नाहीतर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच धोक्यात येतो. तपासनीसाने गाडी वर घेतली, चाकं लोंबू दिली आणि चारही स्प्रिंगा हाताने फिरवून पाहिल्या. एकही सैल नव्हती. मग एका कोपऱ्यातलं पुढचं आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक ठोकळ्यांवर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायला लावलं आणि टायर कुठे घासतोय का ते टॉर्च मारून बघितलं. हेडलाइटची खालची कड जमिनीपासून ५०० मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये, तेही मोजलं, आणि झोत पुन्हा जुळवायला सांगितला. अर्ध्या तासात कागदावर नोंद झाली.

पुण्यात असतो तर? भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणाऱ्या बदलांना अडवतात, त्यामुळे विम्यापासून आरटीओपर्यंत कुठेही प्रश्न येऊ शकतो. आणि गतिरोधक. गंमत म्हणजे नियमातला गतिरोधक गरीब आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. २.३१ मीटर व्हीलबेसची गाडी त्याच्या माथ्यावर असताना तो तिच्या पोटाखालची फक्त ३९ मिलिमीटर जागा खातो. खाली आणलेली गाडीही सहज जाईल. सोसायटीच्या गेटाबाहेर कुणीतरी रात्रीत घातलेला हातभर रुंद, अर्धी वीत उंच सिमेंटचा वरवंटा मात्र पूर्ण उंची खातो, आणि तिथे ३० मिलिमीटर म्हणजे एक्झॉस्ट वाचणं आणि न वाचणं यातला फरक.

केबल टाय मी काढला नव्हता. नव्या स्प्रिंगा, नवे ठोकळे, कंपनीचे शॉकअप, आणि तेच रेल्वेचे रूळ. पूर्वीच्या वेगाने गेलो तर पट्टी ठोकळ्यात रुतून वाकडी झाली. दुसरी बांधली, तिसरी बांधली. ताशी ३० ने गेलो तर ती ठोकळ्याला नुसती टेकते. वर्षभर मी ते रूळ ३० ने ओलांडले. मग पैसे साठवून आखूड नळकांड्याचे शॉकअप घेतले. स्प्रिंगा त्याच. आता पूर्वीच्या वेगाने गेलं तरी पट्टी ठोकळ्याच्या एक बोट अलीकडे थांबते.